बोनस जाईल म्हणून किल्ली खुंटीवरच?

मुलुंडच्या एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. वरवर पाहिलं तर ते मोटारीच्या विम्याबद्दल आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं की विमा हे नुसतं निमित्त. हकिगत अशी : घरात एक गाडी आहे. यजमान रोज सकाळच्या लोकलने कामाला जातात, त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर पांघरून उभी. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यावं लागतं, आणि रिक्षात चढता-उतरताना त्यांचे अतोनात हाल होतात. म्हणून या बाईंनी गेल्या वर्षी चिकाटीने ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं. आता विम्याचं नूतनीकरण आलं आहे. फोनवर जो तक्ता आला त्यात पाच-सहा चौकटी आहेत. एकेका चौकटीवर बोट ठेवलं की हप्ता वाढतो. त्यातली एक चौकट 'एनसीबी प्रोटेक्ट', सातशे रुपयांची. यजमान म्हणाले, "आता तू चालवणार म्हणजे हे घेणं आलंच. नाहीतर असं कर, यंदाचं वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी माझा पन्नास टक्के बोनस पुरा होतो, मग चालव निवांत."

पत्राच्या शेवटी त्या विचारतात : सातशे रुपये भरू, की वर्षभर गाडीला हातच लावू नको?

मैत्रिणींनो, 'बोनस जाईल हं' हे वाक्य मी बोरिवलीतही ऐकलं आहे, अंधेरीतही आणि घाटकोपरातही. कधी नवऱ्याच्या तोंडून, कधी दिराच्या, आणि खरं सांगायचं तर कधी आपल्याच तोंडून! आपण स्वतःच किल्लीकडे हात नेतो आणि 'नको बाई, उगाच बोनसची भानगड' म्हणून मागे घेतो. तेव्हा हा बोनस आहे तरी काय, आणि तो राखायला जादा पैसे मोजावेत का, हे आज कागद-पेन्सिल घेऊन पाहू. मी अर्धवेळ शाळेत सातवीला शेकडेवारी शिकवते. त्यापलीकडचं गणित यात नाही.

हा बोनस दिवाळीच्या बोनससारखा हातात पडत नाही बरं का. वर्षभरात आपण विमा कंपनीकडे गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मागितले नाहीत, म्हणजे क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट मिळते. तिचं नाव 'नो क्लेम बोनस'. एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के. सलग दोन वर्षं गेली की २५, तीन गेली की ३५, चार गेली की ४५ आणि पाच गेली की ५०. त्याच्या वर पायरी नाही. आणि क्लेम केला तर? सापशिडीच्या पटावर अगदी घराजवळ मोठा साप असतो ना, तसं थेट खाली. पन्नासवरून पंचेचाळिसावर नव्हे, शून्यावर.

आता नाव पुन्हा एकदा सावकाश वाचा. 'नो क्लेम' म्हटलं आहे, 'नो चूक' म्हटलेलं नाही. तुमची गाडी आवारात उभी आहे, पाण्याचा टँकर मागे येताना तिचा दरवाजा चेपून गेला, आणि तुम्ही आपल्या पॉलिसीतून दुरुस्ती करून घेतलीत, तर बोनस गेला. माडाची झावळी काचेवर पडली, तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात फोडणी देत होता, तरी क्लेम केलात की तोच हिशेब. उलट तुम्ही स्वतः फाटकाच्या खांबाला गाडी घासलीत आणि रंगाचे पैसे घरातून दिलेत, तर बोनस जागच्या जागी. विमा कंपनी कुणाच्या गाडी चालवण्याला मार्क देत नाही. पैसे मागितले की नाही, एवढंच ती पाहते. म्हणून 'माझा पन्नास टक्के बोनस' असं जेव्हा कुणी अभिमानाने म्हणतं, तेव्हा तो उत्तम चालक असल्याचा दाखला आहे असं समजू नका. गाडी कव्हर घालून उभी ठेवली तरी तो बोनस मिळतोच!

ज्यांच्या जावा-नणंदा न्यू जर्सीला आहेत त्यांनी 'ॲक्सिडेंट फरगिव्हनेस' हा शब्द ऐकला असेल. अपघाताला माफी. तिकडे आपल्या चुकीने अपघात झाला की हप्ता चढतो, आणि ही माफी घेतलेली असेल तर पहिल्या अपघातापुरता तो चढत नाही. आपल्याकडचं 'एनसीबी प्रोटेक्ट' हे त्याचंच चुलत भावंड. पण आपल्या बोनसचा चुकीशी संबंधच नसल्यामुळे इथे माफ करण्यासारखं काही नाही. इथे आपण फक्त एक सूट राखून ठेवण्याचे पैसे देतो. मग ती सूट रुपयांत किती, हे पाहिल्याशिवाय सातशे जास्त की कमी हे कसं ठरणार?

हप्त्याच्या कागदावर एकूण रकमेकडे बघू नका, तिचे तुकडे बघा. एक तुकडा 'थर्ड पार्टी'चा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सगळ्यांना सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत हजाराच्या वर आणि दीड हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाचे ३,४१६ रुपये आहेत. या तुकड्यावर बोनसची एक पैही सूट नाही. दुसरा तुकडा 'ओन डॅमेज'चा, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. बोनसची टक्केवारी लागते ती फक्त याच्यावर. राहिलेल्या त्या निरनिराळ्या चौकटी.

आणि हा दुसरा तुकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पूर्वी तसं नव्हतं. सगळ्या कंपन्यांचे दर एकाच छापील कोष्टकातले असत. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर मोकळे झाले. तेव्हापासून बोनसच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या, पण त्या कशावर मोजायच्या ती रक्कम जिची तिची. दादरला सेलमध्ये साडी घेताना आपण काय करतो? 'पन्नास टक्के सूट'ची पाटी बघून भाळत नाही. मूळ किंमत किती लावली आहे ते आधी बघतो. तेच इथे करायचं. पंचेचाळीस टक्के सूट देणाऱ्या एकीपेक्षा काहीच सूट न देणारी दुसरी स्वस्त पडते, असंही कधी कधी होतं.

आता पाटी घ्या. गणित सोपं जावं म्हणून बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता दहा हजार धरू. तुम्ही पन्नास टक्क्यांवर आहात, म्हणजे पाच हजार भरता. यंदा क्लेम केला. पुढच्या वर्षी बोनस शून्य, भरायचे पूर्ण दहा हजार. पाच हजार जादा गेले. गोष्ट इथे संपली असं बहुतेकजणी समजतात. तशी ती संपत नाही, कारण पायऱ्या पुन्हा पहिलीपासून चढायच्या आहेत. त्यापुढच्या वर्षी २० टक्के, म्हणजे आठ हजार; तीन हजार जादा. मग २५ टक्क्यांच्या वर्षी अडीच हजार जादा, ३५ च्या वर्षी दीड हजार, ४५ च्या वर्षी पाचशे. तेव्हा कुठे पुन्हा पन्नासावर. पाच वर्षांची बेरीज करा : बारा हजार पाचशे. पन्नास टक्के बोनसची खरी किंमत ही आहे, एका वर्षाचे पाच हजार नव्हे.

तेच जर तुम्ही विसाच्या पायरीवर असाल, तर? बोनस राखून ठेवला असता तर पुढची वर्षं २०, २५, ३५, ४५, ५० अशी गेली असती. राखला नाही तर ०, २०, २५, ३५, ४५. दरवर्षीच्या फरकाची बेरीज येते पाच हजार. म्हणजे चौकट तीच, पण एकीसाठी ती साडेबारा हजारांवर राखण, तर दुसरीसाठी पाच हजारांवर. नव्या कोऱ्या गाडीच्या पहिल्या वर्षी, जुना बोनस आणलेला नसेल तर, राखायला मुळात काही नसतंच. तरी विक्रेत्याच्या यादीत ही चौकट असली तर पेनाने काट मारायला संकोचू नका.

या बेरजेत थोडी वजावट मात्र करायची. गाडी दरवर्षी जुनी होते, तिची विम्यातली किंमत उतरते आणि तिच्याबरोबर ओन डॅमेजचा हप्ताही उतरतो. तेव्हा साडेबारा हजारांचे प्रत्यक्षात नऊ-साडेनऊच धरलेले बरे. मी तरी घरच्या हिशेबात एक चतुर्थांश कमी धरते. फसण्यापेक्षा कमी धरलेलं चांगलं.

आता या आकड्याचा उपयोग दोन ठिकाणी. पहिला, क्लेम करावा की नाही हे ठरवायला. बंपर फुटला. गॅरेजवाल्याने नऊ हजार सांगितले : बंपरचे चार, रंगाच्या सामानाचे दोन, मजुरीचे तीन. सगळे कंपनी देईल असं वाटतं, पण साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच मिळतात, म्हणजे बंपरचे दोन हजार. रंगाच्या सामानाचेही निम्मे, एक हजार. मजुरी पूर्ण. झाले सहा. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले एक हजार आपण सोसायचे. हाती आले पाच हजार, आणि त्यापायी पन्नास टक्क्यांचा बोनस गेला! 'झिरो डेप' नावाची चौकट घेतलेली असेल तर आठ हजार येतील. तेही पुरत नाहीत. अशा वेळी मुकाट्याने घरातून पैसे द्यावेत. पुष्कळ घरांत याच्या नेमकं उलट होतं. विमा आहे ना, मग वापरा, म्हणून ओरखड्याचा क्लेम केला जातो आणि पुढची पाच वर्षं हप्ता का फुगला याचा कुणाला पत्ता नसतो.

दुसरा उपयोग, आपल्या चौकटीची किंमत तोलायला. राखण किती रुपयांवर आहे त्याला चौकटीच्या किमतीने भागा. नऊ हजार भागिले सातशे, साधारण तेरा. म्हणजे तेरा वर्षांत एकदा मोठा क्लेम होण्याचा संभव असेल, तर सातशे रुपये वसूल. त्याहून कमी संभव असेल, तर ते कंपनीला दिवाळी दिल्यासारखं. आता तुमच्या घरचा संभव किती हे कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. गाडी बंद गॅरेजात असते की रस्त्याच्या कडेला, जिथे रात्री बस आणि टेम्पो वळतात? एकच जण चालवतो की घरातलं अठरा वर्षांचं पोर नुकतंच शिकलं आहे? रोज कामावर जाते की रविवारी देवळापुरती? दुपारी टेबलाशी बसून पाच मिनिटं विचार केलात की उत्तर येतं.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात, आणि त्या फोनवरच्या गोड आवाजाला नव्हे, छापील अटींना. ही राखण वर्षात किती क्लेमपर्यंत? बहुधा एक, कुठे दोन. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडीत निघाली तरी बोनस राखला जातो का? काही ठिकाणी नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे क्लेमनंतर दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर? बहुतेक पॉलिसींत राखलेला बोनस त्याच कंपनीत नूतनीकरण केलं तरच मिळतो; नवी कंपनी क्लेम पाहते आणि शून्य धरते. म्हणजे तुम्ही बांधल्या गेलात. आणि टक्केवारी राखली तरी मूळ हप्ता वाढवायला कंपनीला कुणी अडवलेलं नाही. पुन्हा ती सेलची साडी आलीच! क्लेमनंतरच्या वर्षी नुसती '४५ टक्के बोनस कायम' ही ओळ वाचून निर्धास्त होऊ नका. गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून मूळ रकमा ताडून पाहा.

कंपनी बदलताना आणखी एक पथ्य. क्लेम झाला असून 'नाही झाला' असं कुणी एजंट भरून देत असेल, तर देऊ देऊ नका. नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेते, आणि खोटं उघडकीला आलं की ऐन गरजेच्या वेळी आपलीच अडवणूक होते.

मुंबईत राहून पावसाचं नाव काढलं नाही तर हा हिशेब पुरा व्हायचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मी तेव्हा कॉलेजला होते. रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्यांच्या टपांपर्यंत पाणी पाहिलेलं विसरत नाही. अंधेरीचा सबवे तर दरवर्षीच भरतो. पुराने गाडीचं जे नुकसान होतं ते साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं : सीट, वायरी, आतलं सामान. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं आणि इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते बसलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' ही निराळी चौकट आहे, आणि इंजिनाचा खर्च बंपरसारखा हजारांत चार-पाच नसतो, लाखाच्या घरात जाऊ शकतो. तुमचा रस्ता सखल असेल, तळमजल्याखाली पार्किंग असेल, आणि एकाच चौकटीपुरते पैसे असतील, तर ती इंजिनाची घ्या. बोनसचा नंबर नंतर. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हा फिरवायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्याला एक पैसा पडत नाही.

मात्र पुराचा क्लेम हाही क्लेमच. आभाळ फाटलं त्यात तुमचा काय दोष, असं कंपनी म्हणत नाही. तेव्हा ज्या भागात पाणी भरतं तिथे बोनसच्या राखणीलाही थोडं वजन येतं, हे खरं.

बोनस क्लेम न करताही जातो, हे फार जणींना ठाऊक नसतं. पॉलिसीची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर सगळा बोनस बुडतो, आणि तिथे ही सातशेची चौकट काही कामाची नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी दोघंही सहा महिने अमेरिकेला जातात, गाडी बोरिवलीत उभी, 'चालवायचीच नाही तर विमा कशाला' म्हणून हप्ता राहतो, आणि परत येऊन बघतात तो पाच वर्षांची पुण्याई धुऊन गेलेली! जाण्याआधी पासपोर्टबरोबर विम्याची तारीखही बघा. गाडी विकलीत तर बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. जुन्या कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. तसंच जुनी गाडी विकत घेताना 'हिच्यावर पन्नास टक्के बोनस आहे' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही, पण बाईला माहीत हवी : मालकाच्या माघारी गाडी वारसाने पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली, तर त्या गाडीवरचा बोनस त्यांना मिळू शकतो. अशा दिवसांत कुणी कागद बघत नाही. पण सवड झाल्यावर मागायला लाजू नये.

आता मुलुंडच्या मैत्रिणीकडे वळते. तुमच्या पत्रातले आकडे घेतले. ओन डॅमेजचा मूळ हप्ता नऊ हजार, बोनस ४५ टक्के, चौकट सातशेची. राखला तर ४५, ५०, ५०, ५०, ५०. नाही राखला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक एकशेवीस टक्के, म्हणजे १०,८००. चतुर्थांश वजा, आठ हजार शंभर. भागिले सातशे, साडेअकरा. तुमची गाडी आवारात उघड्यावर उभी असते, शेजारी बांधकामाचे ट्रक येतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि घरात आता दोन चालक झाले. साडेअकरा वर्षांत एकदा मोठा क्लेम होण्याइतका संभव मला यात दिसतो. तेव्हा अटी नीट असतील तर यंदा आणि पुढची एक-दोन वर्षं ही चौकट घ्या. मग हप्ता उतरला की पुन्हा भागाकार करा. तेव्हा बहुधा सोडून द्यावी लागेल.

पण ती घ्यायची ती ट्रकांसाठी, 'तू चालवणार म्हणून' नव्हे. आणि वर्षभर गाडीला हात न लावण्याच्या सूचनेचाही हिशेब करू या, कारण तीही फुकट नाही. आठवड्याला दोन खेपा, जाऊन-येऊन चार रिक्षा. तुमच्याकडचं भाडं तुम्हाला ठाऊक आहे. ५२ ने गुणा. त्यातून गाडीच्या पेट्रोलचे वजा करा. मी एका रिक्षाचे पन्नास धरले, तर वर्षाचे दहा हजार चारशे होतात. शिवाय सासूबाईंचे गुडघे. आणि लायसन्स काढून वर्षभर गाडी न चालवलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या दिवसासारखीच घाबरते, त्याचे पैसे कुठल्या रकान्यात मांडणार?

एक गोष्ट मात्र तुमच्या तक्त्यात नाही, आणि ती तुमच्या यजमानांच्या लक्षात आणून द्या. पॉलिसीत १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो 'मालक-चालका'चा. गाडी यजमानांच्या नावावर आहे, म्हणजे तो त्यांचा. तुम्ही चालवत असताना तुम्हाला काही झालं, तर तो तुम्हाला लागू नाही. गाडीच्या पत्र्याचं नुकसान मिळेल, रस्त्यावरच्या माणसाची भरपाई मिळेल, चालवणाऱ्या बाईपुरती जागा कोरी. आपल्याकडे पुष्कळ घरांत गाडी नवऱ्याच्या नावावर असते, तेव्हा ही कोरी जागा किती घरांत असेल बघा. तुमच्या नावाची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. सातशे आधी कुठे घालायचे असा प्रश्न पडला, तर इथे घालायचे. बोनसची काळजी करणाऱ्या घराला ही काळजी आधी सुचायला हवी होती, असं मी म्हणणार होते. पण जाऊ दे, कागद कुणी वाचतच नाही.

तर वाचाच. पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. विमा काढणाऱ्यासकट कुणीही गाडी चालवू शकतं, वैध लायसन्स हवं, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. शिकाऊ लायसन्सवाल्यालाही नियम पाळले तर मुभा आहे. तो परिच्छेद रविवारी सकाळी चहाच्या वेळी यजमानांना वाचून दाखवा, आवाज न चढवता.

आणि सासूबाईंना मागे नको, पुढच्या सीटवर बसवा. सीट आधी पूर्ण मागे सरकवा, त्यांना बाहेर पाय ठेवून आडवं बसू दे, मग दोन्ही पाय एकदम आत घेऊ दे. गुडघ्यावर ताण कमी येतो. उतरताना हेच उलट क्रमाने.